सेफ्टी कमिटीत नाव टाकलंय, आता करायचं काय? (मकरपुरा, बडोदा)

मकरपुरा_दुसरी_पाळी

नमस्कार मंडळी. राहतो तरसालीला, नोकरी मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत). कास्टिंगचा (धातू वितळवून साच्यात ओतायचा) कारखाना आणि मागच्या शेडमध्ये प्रेसशॉप, म्हणजे धातू दाबून नग काढायची मशीनं. कायम कामगार १७० च्या आसपास. ठेकेदाराचे त्याहून जास्त. नक्की किती ते ठेकेदारालाही रोज सकाळी गेटवर मोजल्यावरच कळतं.

दिवाळीनंतर युनियनची निवडणूक झाली. जुने चिटणीस निवृत्त झाले म्हणून सगळ्यांनी मिळून मला सहचिटणीस केलं. पात्रता एवढीच की मराठी, गुजराती, हिंदी तिन्हींत अर्ज लिहिता येतो आणि साहेबांसमोर माझं ततपप होत नाही. आठवड्याभरात एचआरच्या बेननी बोलावलं. "तुमचं नाव सेफ्टी कमिटीत टाकलंय, इथे सही करा." केली. मागची फाइल वाचायला मागितली, तर तीन वर्षांच्या मिनिट्समध्ये एकच ओळ: 'हाउसकीपिंग सुधारण्याबाबत चर्चा झाली.' एका मीटिंगवर तर तारीखसुद्धा आधीच्याच मीटिंगची राहून गेलीय.

आता खरी गोष्ट. मागच्या गुरुवारी दुसऱ्या पाळीत ६० टनी प्रेसवर ठेकेदाराच्या एका मुलाची दोन बोटं गेली. उजवा हात, अंगठ्याजवळचं आणि मधलं, दोन्हींचं शेवटचं पेर. मुलगा दाहोदकडचा, २२ वर्षांचा. प्रेसचा गार्ड (हात आत जाऊ नये म्हणून असलेली आड) बाइंडिंग वायरने वर बांधून ठेवलेला होता, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो तर वायर गायब आणि गार्ड जागेवर. सुपरवायझर म्हणतो, "पाय घसरला, हात गेला." मुलाला बाइकवर बसवून जवळच्या खाजगी दवाखान्यात नेलं, टाके घातले आणि सांगितलं की पंधरा दिवस घरी बस, हजेरी पूर्ण लागेल. ईएसआयचा (कामगार विम्याचा) कागद कुठेही नाही. पगारातून ईएसआय मात्र दरमहा कापला जातो.

आणि खरं सांगायचं तर गार्ड आपलीच माणसं वर बांधतात. चहाच्या आत नगांचा आकडा गाठला की इन्सेन्टिव्ह मिळतो.

मला कायद्याचं काही येत नाही. सुरुवात कुठून करू? कमिटीत बसून मी नेमकं काय मागू शकतो? आणि तो मुलगा आमचा सभासदही नाही, त्याच्यासाठी बोललो तर उद्या माझेच सभासद विचारतील की तुला काय पडलंय.

वाघोडिया_रोड

भाऊ, सही केलीस ना? मग ४ मार्चला सेफ्टी डेच्या फोटोत पिवळं हेल्मेट घालून उभा राहा, स्टीलचा डबा मिळेल. आमच्याकडे दरवर्षी मिळतो. आमची ही म्हणते आता डबे ठेवायला कपाट घ्या.

चेष्टा सोड, पण गार्ड काढणाऱ्यासाठी युनियनने भांडायचं म्हणजे जरा अतीच. मी हे तोंडावर बोलतो म्हणून लोकांना आवडत नाही.

दांडियाबाजारचे_काका

वाघोडियावाले, डबे मलाही मिळालेत. नऊ आहेत. त्यावर नंतर बोलू.

बाळा, चर्चा राहू दे, आधी त्या मुलाचं बघ. ही पंधरा दिवसांची हजेरी तुला मेहरबानी वाटतेय का? नीट मोज. हजेरी लागली म्हणजे कागदावर तो कामावर आहे. कामावर आहे म्हणजे ४८ तास कामाला मुकलाच नाही. आणि जखमेमुळे माणूस ४८ तास कामाला मुकला तरच मॅनेजरला फॅक्टरी इन्स्पेक्टरला कळवावं लागतं, कारखाना कायद्याचं कलम ८८. शिवाय पगार चालू आहे म्हणजे ईएसआयकडे दावा करायला कोण जातंय! पंधरा दिवसांचा पगार देऊन त्यांनी अख्खा अपघात पुसून टाकला. माझ्या काळी हेच चालायचं, फक्त बाइकऐवजी टेम्पो असायचा.

म्हणून आज, उद्या नाही, आज त्या मुलाच्या नावाने अर्ज लिही. तारीख, पाळी, प्रेसचा नंबर, कोणती बोटं, गार्ड वर बांधलेला होता, कोण कोण हजर होतं. मुलाची सही किंवा अंगठा (डाव्या हाताचा, उजवा आता काय मागतोस). अपघाताची नोंद फॉर्म ११ च्या वहीत घ्या आणि फॉर्म १२ ईएसआयला पाठवा, एवढंच त्यात माग. दोन प्रती कर. एका प्रतीवर पोचेचा शिक्का घे. शिक्का देत नसतील तर रजिस्टर पोस्ट.

सभासद नाही म्हणतोस. कारखाना कायद्यात 'वर्कर' या शब्दात ठेकेदारामार्फत आलेला माणूसही येतो. गार्ड नसलेला प्रेस युनियनची पावती बघून बोट घेत नाही.

आता कमिटी. तुझा कारखाना कास्टिंगचा आहे हे तुझं नशीब. कारखाना कायद्याला जोडलेली पहिली अनुसूची आहे, धोकादायक प्रक्रियांची यादी. तिच्यात फाउंड्री (ओतकाम) आहे, सँड आणि शॉट ब्लास्टिंगने, म्हणजे रेतीचा किंवा बारीक गोळ्यांचा मारा करून, कास्टिंग साफ करण्यासकट. त्यामुळे ४१ पासून पुढची अक्षरं लावलेली सगळी कलमं तुला लागू. भोपाळला १९८४ च्या डिसेंबरात वायू सुटला आणि त्यानंतर १९८७ साली ही कलमं कायद्यात घातली गेली. ४१जी म्हणजे सेफ्टी कमिटी, मालकाची आणि कामगारांची माणसं सारख्या संख्येने. ४१सी म्हणजे धोक्याच्या कामावर असलेल्याची बारा महिन्यांच्या आत वैद्यकीय तपासणी, आणि त्या नोंदी कामगाराला बघायला मिळाल्या पाहिजेत. ४१एच नीट वाच. जिवाला तातडीचा धोका वाटला तर थेट किंवा कमिटीतल्या प्रतिनिधीमार्फत मॅनेजरला सांगायचं आणि त्याच वेळी इन्स्पेक्टरलाही कळवायचं, हा त्यातला हक्क. त्यात 'काम बंद पाडा' असं कुठेही लिहिलेलं नाही. काही पुढारी तसं ठोकून देतात आणि मग मेंबरवर चार्जशीट आलं की फोन उचलत नाहीत.

कलमं झाली. आता माझ्या सहीने झालेली एक चूक सांगतो. ती कुठल्या कारखान्यात झाली ते विचारू नकोस.

मी २२ वर्षं फेटलिंगला होतो. भट्टीतून आलेल्या कास्टिंगला जळकी रेती चिकटलेली असते, ती ग्राइंडरने उडवायची, हे काम. आमच्या शेडला पश्चिमेकडे एक पत्रा फुटका होता. दुपारी चारच्या सुमाराला तिथून उन्हाचा कवडसा यायचा आणि त्या कवडशात धूळ दिसायची, जणू कोणी उन्हात रांगोळी चाळतंय. पाऊण तासाने कवडसा भिंतीवर चढला की शेड स्वच्छ. माणसं तीच, ग्राइंडर तेच. आणि जी दिसायची ती तरी जाडी, नाकात आणि घशात अडकणारी. फुप्फुसाच्या तळाशी जाऊन बसते ती इतकी बारीक की नुसत्या डोळ्याला दिसत नाही.

१९९३ च्या करारात आम्ही धूळ ओढणारं सक्शन मागितलं. साहेबांनी कोटेशन मागवलं, आकडा पाहिला आणि आम्हाला आत बोलावून चहा पाजला. म्हणाले, सक्शनचं पुढच्या वर्षी बघू, आत्ता महिन्याला ४० रुपये धूळभत्ता आणि माणशी एक किलो गूळ देतो. गूळ खाल्ला की धूळ निघून जाते हे आमच्या आयांनीही आम्हाला सांगितलेलं. आम्ही सही केली. गेटवर बोर्ड लावला, 'ऐतिहासिक विजय'. पेढे वाटले, ते मीच मांडवीवरून आणले होते.

गूळ जातो पोटात. धूळ असते फुप्फुसात. एवढं साधं शरीरशास्त्र कमिटीतल्या सातही जणांना सुचलं नाही.

सहा वर्षांनी परत सक्शन मागितलं. साहेबांनी खणातून तोच करार काढला आणि माझ्या सहीवर बोट ठेवून म्हणाले, "धुळीचं तर तुमच्याबरोबर सेटल झालंय ना?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही.

माझ्या शेजारच्या ग्राइंडरवर पादऱ्याचा एक जण होता. खोकला सुरू झाला तर टीबी म्हणून औषध दिलं. बरं वाटेना म्हणून परत दिलं. तिसऱ्यांदाही दिलं. ग्राइंडिंगची माणसं टीबीचं औषध खात खात झिजतात हे मी पुढे आणखी दोघांत पाहिलं. शेवटी एका डॉक्टरने त्याला विचारलं, "काम काय करता?" तोपर्यंत अकरा वर्षांत हा प्रश्न कोणी विचारलाच नव्हता. सिलिकोसिस निघाला, रेतीच्या धुळीने होणारा फुप्फुसाचा रोग. यावर औषध नाही, टीबीची मात्र त्यात भर पडू शकते. ४९ व्या वर्षी गेला. भेटायला गेलो तेव्हा वहिनी म्हणाल्या, "गूळ चांगला असायचा हो तुमच्या कंपनीचा, आम्ही लाडवात घालायचो."

आपल्या शेजारचीच गोष्ट. झाबुआ-अलीराजपूरचे आदिवासी गोध्र्याकडे क्वार्ट्ज (गारगोटी) दळायच्या कारखान्यांत यायचे आणि सिलिकोसिस घेऊन घरी जायचे. २०१६ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्यातल्या २३८ मृतांच्या घरच्यांना प्रत्येकी तीन लाख द्यायला गुजरात सरकारला सांगितलं. त्यांच्यापाशी ना करार होता ना गूळ. माझ्यापाशी तर युनियन होती.

तेव्हा कमिटीत कोणी 'जोखीमभत्ता' म्हटलं की तू लघवीला जातो म्हणून उठ. पैसे पगारवाढीत माग, हवे तेवढे माग. धुळीचे, आवाजाचे, वासाचे पैसे घ्यायचे नाहीत. मास्कवरही लगेच खूश होऊ नकोस. आधी रेतीऐवजी स्टीलचे शॉट वापरता येतात का, मग ग्राइंडरच्या तोंडाशी सक्शन, मग पाणी मारून धूळ बसवणं, मग माणसांची पाळी बदलणं आणि सगळ्यात शेवटी मास्क. साहेब लोक ही यादी खालून वर वाचतात, कारण मास्क सगळ्यात स्वस्त.

राहिलं काय शोधायचं ते. एक दोनशे पानी चोपडी घे आणि फिर. दिवसा नको, दिवसा सगळं झाडलेलं असतं. रात्री दोननंतर फिर. गार्डच्या बोल्टकडे बघ. बोल्टवर रंग आणि कळकट असेल तर गार्ड कधी निघालेला नाही. डोकं चकचकीत असेल तर रोज निघतो. मागचा दरवाजा ढकलून बघ. भंगार चोरीला जातं म्हणून बाहेरून कुलूप असेल तर आग लागली की लोक तिथेच सापडतील. फर्स्ट एडची पेटी उघड, १५० माणसांमागे एक तरी हवी. मी एकदा उघडली तर आत क्रोसिनची अर्धी पट्टी आणि कोणाची तरी तंबाखूची डबी. हाताच्या अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावं लागत असेल तिथे आवाज मोजायला लाव. आठ तासांना ९० डेसिबल ही हद्द आहे, ९५ झाला तर चारच तास.

चोपडीत प्रत्येक ओळीला तारीख, वेळ, मशीन नंबर, काय दिसलं, कोणाला सांगितलं, तो काय म्हणाला. शेवटचा रकाना सोडू नकोस. 'करतो म्हणाले' हे लागोपाठ सहा महिने लिहिलेलं असलं की इन्स्पेक्टरसमोर तुला तोंडच उघडावं लागत नाही.

बाकी डबे. सातांत डाळी आहेत, एकात सुया-दोरे. एक पादऱ्याला त्यांच्या घरी राहिला.

मांजलपूरची_सेफ्टीवाली

काकांना नमस्कार. मी दुसऱ्या एका कंपनीत सेफ्टी ऑफिसर आहे, म्हणजे तुमच्या भाषेत समोरच्या बाजूची. तरी बोलते.

काका, एक दुरुस्ती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही कामगार संहिता लागू झाल्यात. कारखाना कायदा आता व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यपरिस्थिती संहिता, २०२० मध्ये गेला. तातडीचा धोका सांगायचा हक्क तिच्या कलम १४ मध्ये आहे, सेफ्टी कमिटी २२ मध्ये, आणि धोकादायक प्रक्रियांच्या यादीत फाउंड्री कायम आहे. इन्स्पेक्टरचं नावही लांबलंय, निरीक्षक-तथा-सुविधाकार. जुने नियम नव्याशी विसंगत नसतील तिथपर्यंत चालतात. तेव्हा दादा, अर्जात जुनं कलम लिहिलं तर 'हा कायदाच आता नाही' म्हणून कोणीतरी तो परत करेल. दोन्ही आकडे लिहा.

वाघोडियावाल्यांचा मुद्दा मला कंपनीत रोज ऐकायला मिळतो, म्हणून उत्तर देते. गार्ड मुलाने काढला असं धरलं, तरी त्याचा ईएसआयचा हक्क बुडत नाही. ईएसआय कायद्यात ५१बी आहे: नियम मोडून काम करत असला तरी ते काम मालकाच्या धंद्यासाठीच चाललं असेल तर अपघात नोकरीतलाच धरतात. तो प्रेसवर स्वतःच्या घरचा डबा ठोकत नव्हता. ईएसआय कायदाही त्याच दिवशी सामाजिक सुरक्षा संहितेत गेला, आकडा बदलला, मुद्दा कायम आहे.

आता बोटांचं. ईएसआयच्या तक्त्यात तर्जनीचं एक पेर गेलं तर ९ टक्के, मधल्या बोटाचं एक पेर ७ टक्के. पण हाड न जाता नुसतं टोक कापलं गेलं असेल तर तेच ५ आणि ४ होतात. १६ आणि ९ मधला हा फरक त्याला जन्मभर महिन्याला पडणार आहे, कारण कायमच्या अपंगत्वाचा लाभ त्या टक्क्यांच्या हिशोबाने आयुष्यभर मिळतो. हाड गेलं की नाही हे टाके घालताना डॉक्टरला दिसलं असेल, पण मेडिकल बोर्डापुढे एक्स-रे लागतो. तेव्हा पहिल्या दिवसाचा एक्स-रे हातात घ्या. त्याला गोत्रीच्या ईएसआय हॉस्पिटलात न्या आणि अपघात कामावर झाला हे केसपेपरवर लिहून घ्या. 'पडला' असं लिहिलं असेल तर तिथल्या तिथे हटकून दुरुस्त करून घ्या, नंतर ते फार जड जातं. आणि हजेरी लावून नका घेऊ. बरा होईपर्यंत ईएसआय पगाराच्या ९० टक्के देतं.

प्रेसबद्दल. "आपलीच माणसं गार्ड बांधतात" हे तुम्ही लाजून लिहिलंय. लाजू नका, मोजा. प्रेसजवळ घड्याळ घेऊन उभे राहा. गार्ड लावून तासाला किती नग निघतात आणि बांधून किती? मग इन्सेन्टिव्हचा आकडा कशावर बसवलाय ते बघा. आमच्याकडे मोजलं तेव्हा गार्ड लावून तो आकडा गाठणं शक्यच नव्हतं. म्हणजे मशीनवर गार्ड बसवला कंपनीने आणि तो काढायला लावणारा आकडाही तिनेच ठरवलेला. मी तो कागद माझ्याच साहेबांसमोर ठेवला. ते आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत, मग आकडा बदलला.

मागायचं काय? पायडल काढून दोन हातांची बटणं, दोन्ही एकाच वेळी दाबल्याशिवाय स्ट्रोक नाही आणि एक बटण टेपने चिकटवून ठेवलं तर मशीन चालू नये अशी. डायला (साच्याला) चारी बाजूंनी जाळी, नग सरकवायला फक्त फट. नग उचलायला चिमटा किंवा चुंबक. डाय बदलताना रॅमखाली (वरून खाली येणाऱ्या भागाखाली) ठोकळा आणि मेन स्विचला ज्याचं काम त्याचं कुलूप, किल्ली त्याच्याच खिशात. आमच्याकडे सुपरवायझरकडे दुसरी किल्ली असायची, 'इमर्जन्सीसाठी'. ती मी सगळ्यांसमोर मागून घेतली.

गार्ड दुसऱ्या दिवशी जागेवर बसला म्हणता. तो बसवायला कोणीतरी मेंटेनन्सचा माणूस आला असेल आणि त्याच्या वहीत वेळ असेल.

नंदेसरी_सी_शिफ्ट

आमच्याकडे प्रेस नाहीत, टाक्या आहेत. दोनच गोष्टी सांगतो.

मागच्या उन्हाळ्यात एका टाकीत गाळ काढायला दोघांना उतरवायचं होतं. परमिटवर सह्या तयार, गॅस टेस्टिंगच्या रकान्यात ऑक्सिजन २०.९. मी विचारलं मीटर कुठाय? तर मीटर कॅलिब्रेशनला (तपासून जुळवायला) गेलेला. २०.९ हा आकडा मोकळ्या हवेचा, तो सगळ्यांना पाठ असतो. परत मोजायला लावलं तेव्हा तळाशी १७ निघाला. १९.५ च्या खाली आत माणूस घालत नाहीत. पण खरी भीती मला त्या दोघांची नव्हती, तिसऱ्याची होती. आतला पडला की वरचा हाक मारत उडी घेतो आणि तोही पडतो. दोरी, पट्टा, वर उभा असणारा माणूस आणि त्याला बजावून सांगितलेलं की तू उतरायचं नाहीस, ओढायचं. आत बल्ब न्यायचा तर २४ व्होल्टचाच.

सडक्या अंड्याच्या वासाचा गॅस असेल तर वास थांबला म्हणून गॅस गेला असं समजू नका. जास्त झाला की नाकच मरतं.

दुसरं, भाषा. आमचे बोर्ड सुंदर आहेत आणि सगळे गुजरातीत. टाकीत उतरणारा मुलगा ओडिशाचा. त्याला 'भयजनक' वाचता येत नाही आणि कवटीचं चित्र उन्हाने उडालंय. सकाळचा टूलबॉक्स टॉकही (कामाआधीच्या सूचना) गुजरातीत होतो, सगळे मान हलवतात. मी एकदा मुद्दाम मध्येच विचारलं, "साहब ने अभी क्या बोला?" एक जण म्हणाला, "छुट्टी के बारे में."

वाघोडिया_रोड

सेफ्टीवाल्या ताईंचं ५१बी माहीत नव्हतं. शब्द मागे घेतो. डबे मागे घेत नाही.

मकरपुरा_दुसरी_पाळी

पाच दिवसांनी लिहितोय, माफ करा.

अर्ज दिला. एचआरच्या बेननी शिक्का दिला नाही, रजिस्टर पोस्टाने पाठवला, तिसऱ्या दिवशी स्वतः बोलावून शिक्का दिला. फॉर्म १२ भरला म्हणतात, प्रत मागितलीय. हजेरी थांबवायला मुलगा आधी तयार नव्हता. त्याला वाटलं मी त्याचा पगार बंद करायला आलोय. ताईंचे टक्के कागदावर लिहून दाखवले तेव्हा त्याने विचारलं, "हर महीने? जिंदगी भर?" दोनदा विचारलं.

रात्री अडीचला फिरलो. प्रेसशॉपमध्ये ११ प्रेस आहेत. चकचकीत बोल्ट ८ वर. मागच्या दाराला बाहेरून कुलूप, काकांनी बघून आल्यासारखं सांगितलं. मेंटेनन्सच्या वहीत शुक्रवार सकाळ ६.१०, 'प्रेस ४ गार्ड फिटिंग' अशी नोंद आहे, त्या पानाचा फोटो घेतला.

घड्याळ लावून मोजलं. गार्ड लावून तासाला ४१० नग, बांधून ५४०. इन्सेन्टिव्ह सुरू होतो ४८० पासून. हे आमच्या सभासदांना दाखवलं तेव्हा सगळे गप्प झाले. मग एक जुना ऑपरेटर म्हणाला, "आकडा खाली आणतोस की आमचा इन्सेन्टिव्ह घालवतोस, ते आधी सांग." याचं उत्तर मी अजून दिलेलं नाही.

कमिटीची मीटिंग मंगळवारी. मॅनेजरनी आधीच निरोप पाठवलाय की प्रेसशॉपला 'स्किल अलाउन्स' देण्याचा विचार चालू आहे.

आणि एक अडचण. एक्स-रे मिळत नाहीये. दवाखाना म्हणतो पेशंटला दिला. सुपरवायझर म्हणतो माझ्याकडे नाही. मुलगा म्हणतो काढला होता, पण कोणी घेतला ते आठवत नाही, त्या दिवशी त्याला कशाचीच शुद्ध नव्हती. ठेकेदाराने तर नेला नसेल?

दांडियाबाजारचे_काका

स्किल अलाउन्स म्हणजे माझा गूळ, नवीन कागदात बांधलेला. मंगळवारी मीटिंगमध्ये ४१०, ४८०, ५४० हे तीनच आकडे मिनिट्समध्ये लिहून घे. बाकी काही बोलू नकोस. जुन्या ऑपरेटरला सांग की इन्सेन्टिव्ह ४०० पासून मागतोय. तो पगाराचा मुद्दा आहे, तो जोरात मांड.

एक्स-रेसाठी ठेकेदाराकडे जायच्या आधी मुलगा राहतो त्या खोलीवर जा. त्याला दवाखान्यातून घरी कोणी आणलं ते विचार आणि गादी उचलून बघ. मोठं पाकीट दुमडू नये म्हणून लोक ते गादीखालीच सरकवतात.

मकरपुरा_दुसरी_पाळी

काका, गादीखालीच होता. त्याच्या खोलीतल्या जोडीदाराने ठेवला होता. दोन्ही बोटांचं हाड गेलेलं दिसतंय, मलासुद्धा दिसलं. उद्या सकाळच्या ओपीडीला गोत्रीला नेतोय.